उंबरखोलची दचकी

वाटी वाजली नाही. पहिल्यांदा तान्हूला खटकलं ते एवढंच.

फार वर्षांपूर्वीचं हे. किती, ते उंबरखोलात कुणालाच नेमकं सांगता येत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, आमच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं. तेव्हा गाव तीसेक घरांचं होतं. पाठीशी काळा कडा, पुढ्यात डोंगराचा उतार, आणि उतारावरून पायरीपायरीनं खाली गेलेली नाचणीची शेतं.

त्या गावात तान्हू नावाची एक सून होती. अंगानं काडी, डोळे मोठे, आणि दचकायची फार. भांडं पडलं की दचकायची. कुणी मागून येऊन बोललं की दचकायची. असं म्हणतात, एकदा स्वतःच्याच शिंकेला दचकून ती चुलीपुढून उठून अंगणात पळाली होती. गावानं तिचं नाव दचकी ठेवलं होतं आणि तिनंही ते निमूट घेतलं होतं.

पण तिच्या हाताला गुण होता. माहेराहून येताना तिनं आईची काशाची वाटी आणली होती. तळपायाला करंजाचं तेल चोळायचं आणि तळवा काळा होईपर्यंत वाटीच्या बुडानं घासायचं. त्यानं डोळ्यांची आग निवते, डोकं शांत होतं, झोप लागते. दिवेलागणीच्या आधी ती दोनतीन घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे पाय घासून यायची. कामाच्या माणसाच्या टाचेवरून वाटी फिरली की वाजते. खर्र, खर्र. तान्हूला तो आवाज आवडायचा. ज्याला ती कधीच दचकली नाही असे सगळ्या जगात एखाददुसरेच आवाज होते, त्यातला तो एक.

त्या दिवशी ती धाकलू तात्याचे पाय घासत होती. धाकलू तात्या म्हणजे पाठीवर मिठाची गोणी घेऊन जन्मभर घाट चढलेला माणूस. त्याच्या टाचेच्या एकेका भेगेत नाचणीचा दाणा बसेल, असं पोरं म्हणायची. तान्हूनं तेल लावलं, वाटी फिरवली, आणि वाटी नुसती सरकली. आवाजच नाही. तिनं हात थांबवला, टाच बोटांनी चाचपली. मऊ होती. पाळण्यातल्या पोराची असते तशी मऊ.

"तात्या, टाचा बऱ्या झाल्या की तुमच्या."

तात्या हसला. "घोंगडीची कृपा, पोरी. वरीस झालं, जमिनीला पाय लागला नाही."

मग तिच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "तू कुणाची गं?"

ती दर चार दिवसांनी त्याच्याकडं येत होती. तान्हू दचकली. या खेपेला काहीही पडलं नव्हतं, कुणीही मागून आलं नव्हतं.

घोंगडीची कृपा म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. आणि ती रीत मायेतून आली होती, हे त्याच्याही आधी सांगायला हवं. कधीकाळी त्या गावातला एक म्हातारा खांद्यावर घागर घेऊन चढण चढताना कोसळला. त्याच्या मुलांनी चितेपुढं शपथ घेतली की या गावात पुन्हा कुणा म्हाताऱ्या माणसाला ओझं उचलू देणार नाही. तेव्हापासून माणसाचे साठ पावसाळे झाले की येत्या अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या ओसरीवर नवी काळी घोंगडी अंथरायची. पाच जणांनी त्याला हातांवर उचलून तिच्यावर बसवायचं. थोरल्या मुलानं पायांवर डोकं ठेवून म्हणायचं, "आता उठायचं नाही. आम्ही आहोत." आणि अंगणात जमलेल्या गावानं मागोमाग म्हणायचं, "आम्ही आहोत."

मग त्या माणसाला सगळं हातात. जेवण हातात, पाणी हातात, पानाचा विडा हातात. त्यानं काही उचलायचं नाही, काही ठरवायचं नाही. पेरा कधी, लग्न कुठं, पाऊस कसा, यातलं काही त्याला विचारायचं नाही, उगाच डोक्याला ताप नको. घोंगडीवरचं माणूस आपण होऊन पाण्याला उठलेलं दिसलं तर शेजारीण लगेच कुंपणावरून विचारायची, "का हो, घरात कुणी नाही वाटतं?" गाव वाघाला भीत नव्हतं इतकं त्या प्रश्नाला भीत होतं.

भोवतालच्या गावांना उंबरखोलचा हेवा वाटायचा. मुलं असावीत तर अशी, म्हणायचे.

दचकणाऱ्या माणसाचं एक असतं. दुसऱ्यांच्या कानांवरून जे निसटून जातं ते त्याच्या कानात अडकून बसतं. तान्हूच्या कानात ती न वाजलेली वाटी अडकून बसली. गावात तेव्हा सात घोंगड्या होत्या. ती सातही ओसऱ्यांवर गेली, सात जोड्या पाय तिनं मांडीवर घेतले, आणि सातांपैकी एकही टाच वाजली नाही.

असं म्हणतात, त्या पावसाळ्यात धाकलू तात्याच्या अंगठ्यापासून ओसरीच्या खांबापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं आणि ते कुणी मोडलं नाही, कारण अंगठा हललाच नाही. मुंग्यांनी त्याच्या गुडघ्यावरून वाट पाडली. श्रावणात त्याच्या मुंडाशात एका पाखरानं घरटं केलं, अंडी घातली, पिलं मोठी होऊन उडून गेली, तरी त्याला पत्ता नव्हता. उन्हं फिरायची, खांबांच्या सावल्या फिरायच्या, तात्याची सावली मात्र सकाळी जिथं असायची तिथंच संध्याकाळी. पौषात तो गेला. त्याला उचलायला चार माणसं आली, त्यांना उचलेना. आठ आली, त्यांनाही उचलेना. शेवटी सोळा जण लागले. असं म्हणतात, त्यांनी उचललं ते माणसाचं अंग नव्हतं, कड्याचा तुटलेला तुकडा होता.

त्याच्या बाराव्याला गाव जेवायला बसलं होतं. तान्हू पंगतीत वाढत होती. राघोजी पाटलाच्या पानापुढं ती आली, आणि हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "पाटील, तात्या बसून गेले."

पाटलानं मान वर केली. "काय?"

"बसून गेले. त्यांची टाच वाजत नव्हती."

आधी कुणाला कळलंच नाही. मग पंगतीच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं, "काल पाल पडली म्हणून हिनं वाडी गोळा केली होती. आज टाच!" आणि बाराव्याचं जेवण असूनही माणसं हसली.

पाटील हसला नाही. तो समजावून बोलला, आणि ते तान्हूला जास्त लागलं. "माणूस वयानं जातो, पोरी. बसून कुणी जातं होय? जा, भात आण."

पंगतीत तिचा नवरा हैबती बसला होता. त्यानं मान खाली घातली. तान्हूनं भात आणला.

आता कोंडाबाईचं. कोंडाबाई म्हणजे तान्हूची सासू. तान्हू तिला आत्याबाई म्हणायची. नऊ वर्षांची असताना तान्हू या घरात आली, तेव्हापासून तिला न्हाऊमाखू घालून कोंडाबाईनं वाढवलेलं. बाई उंचीपुरी, आणि आवाज असा की काय सांगावं! डोंगरात माणसं या उतारावरून त्या उतारावर लांब आवाज काढून बोलावतात, त्याला कुकारा म्हणतात. नाचणी पिकायला लागली की कोंडाबाई शेतातल्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांवर बांधलेल्या मचाणावर उभी राहून कुकारा द्यायची आणि सबंध उतारावरची पाखरं एकदम उठायची. असं म्हणतात, तिच्या कुकाऱ्यानं खालच्या खोऱ्यातल्या गाई चरायच्या थांबून वर बघायच्या.

पण तान्हूला आठवायचं ते दुसरंच. एवढ्या आवाजाच्या त्या बाईनं तिला कधी एकदाही दचकवलं नव्हतं. शेतातून परतताना बांधावरूनच, घर अजून लांब असताना, ती हाक द्यायची, "तान्हे, मी आले गंऽऽ!" म्हणजे दारात पाऊल वाजेल तेव्हा पोरगी घाबरायची नाही. सगळं गाव दचकी म्हणून हसायचं, आणि ही एक बाई रोज, न चुकता, लांबून सांगून घरात यायची.

त्या वर्षी कोंडाबाईचे साठ पावसाळे झाले.

हैबती दोन दिवसांची वाट चालून गेला आणि धनगरांच्या वाड्यावरून घोंगडी घेऊन आला. गावात आजवर आली नव्हती इतकी दाट, काळीभोर. आईला दाखवताना त्याचे डोळे भरून आले होते. अखितीच्या सकाळी तान्हूनं कोंडाबाईचा पदर धरला.

"आत्याबाई, नका बसू."

"का गं?"

"तात्यांचं बघितलं ना?"

"अगं वेडे," कोंडाबाई म्हणाली, "पन्नास वर्षं राबले. मला काय बसायची हौस नसेल? सगळ्यांच्या म्हाताऱ्या बसल्या आणि मी एकटीच शेणाच्या पाट्या उचलत राहू होय? लोक म्हणतील, हैबतीला आई जड झाली." मग तिनं तान्हूच्या गालावरून हात फिरवला. तो हात खरखरीत होता. "भिऊ नको. मी कुठं चाललेय? इथंच तर आहे, ओसरीवर."

पाच जणांनी तिला उचललं. हैबतीनं पायांवर डोकं ठेवलं. गाव म्हणालं, "आम्ही आहोत." तान्हूनंही तोंड हलवलं, पण आवाज निघाला नाही.

पहिला महिना कोंडाबाई सुखात होती. येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करायची, ओसरीवरूनच मधूनमधून एखादा कुकारा द्यायची आणि आपणच हसायची. ज्येष्ठात कुकारा तोकडा झाला. आषाढात नुसता खोकला उरला. तान्हू चुलीपुढून मुद्दाम विचारायची, "आत्याबाई, भाजीला मीठ किती घालू?" पहिल्यांदा उत्तर आलं, "घाल तुझ्या अंदाजानं." मग काही दिवसांनी, "कसली भाजी?" आणि श्रावणात एकदा, "कुणाच्या घरची भाजी?"

संध्याकाळी आता बांधावरून हाक येत नव्हती. हैबती दारात आला की तान्हू रोज दचकायची. रोज तिच्या हातून काहीतरी सांडायचं.

भाद्रपदात एका सकाळी ती ओसरी झाडायला गेली आणि हातातला झाडू तसाच राहिला. कोंडाबाईच्या अंगठ्यापासून खांबापर्यंत कोळ्याचा एक तंतू गेला होता. तान्हूनं तो तोडला. दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता, आणि एकाचे चार झाले होते.

मग तान्हूनं रीत मोडली. हैबती शेतात गेलेला पाहून तिनं कोंडाबाईच्या काखेत हात घातले. "उठा आत्याबाई. चार पावलं चालू. अंगणात जाऊ, परत येऊ." पण कोंडाबाई भुईत रुतल्यासारखी जड झाली होती. तिनं तान्हूकडं पाहिलं. रागानं नाही, दुःखानंही नाही. तिनं फक्त विचारलं, "कशाला?"

 पाय मोकळे व्हावेत म्हणून? टाचा वाजाव्यात म्हणून? ज्या बाईला जगात काहीच करायचं राहिलेलं नाही तिनं पाय मोकळे करून जायचं कुठं? तान्हू वाटी घेऊन बसली, निःशब्द टाचा घासत राहिली, आणि तो प्रश्न तिच्या कानात अडकून बसला. कशाला?

आश्विन लागला. नाचणीची कणसं भरली आणि पाखरं आली.

पाखरं दर वर्षीच यायची. पण पूर्वी उतारावर सात माळे होते, आणि सात माळ्यांवर साठीला टेकलेली सात माणसं राखणीला असायची. तरणी माणसं गवत कापायला गेलेली, लेकुरवाळ्या घरात, तेव्हा राखण तीच करायची. पाखरांनी कुठं बसावं, कधी उठवलं म्हणजे परत यायची नाहीत, हे त्यांनाच ठाऊक. एकेक करून ती सगळी घोंगड्यांवर गेली होती. शेवटचा माळा कोंडाबाईचा, तोही या वर्षी रिकामा. असं म्हणतात, त्या आश्विनात पाखरं इतकी उतरली की उताराचा रंग बदलला, आणि ती एकदम उडाली की गावावर ढग आल्यासारखी सावली पडायची. गोफणी चालवून माणसांचे खांदे उतरले. धोंडा पडला की पाखरं उठायची, एक फेरी मारायची आणि परत त्याच कणसांवर बसायची.

"तू जा माळ्यावर," हैबती तान्हूला म्हणाला. "निदान उभी तरी राहा."

ती चढली. माळा वाऱ्यावर करकरला, ती दचकली. तिनं कुकारा द्यायचा प्रयत्न केला. तिचा आवाज बांधापर्यंतही गेला नाही. एका पाखरानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि परत दाणा टिपायला लागलं.

तेव्हा, त्या माळ्यावर, तान्हूला कळलं की कशाला.

हे सोंग नव्हतं. म्हातारीला बरं वाटावं म्हणून काढलेलं लटकं काम नव्हतं. खरोखरच अडलं होतं. समोर वर्षाचा घास जात होता, तिला तो राखता येत नव्हता, आणि ज्या बाईला येत होता ती दोन शेतं वर ओसरीवर बसली होती. तान्हूनं पाखरांकडं पाठ केली, घराकडं तोंड केलं, आणि हाक मारली, "आत्याबाईऽऽ! पाखरं उतरलीऽऽ! मला जमत नाहीऽऽ! याऽऽ!"

कड्यानं ती हाक परत केली, आणि आपल्याच आवाजाला दचकून ती माळ्यावरून पडता पडता राहिली. घराकडून काही आलं नाही.

दुपारपर्यंत गावभर झालं. सुनेनं घोंगडीवरच्या माणसाला कामाला बोलावलं! शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलंच, "का हो, घरात कुणी नाही वाटतं?" राघोजी पाटील स्वतः दारात आला. आता त्याचा आवाज समजावण्याचा नव्हता.

"उद्या परत हाक मारशील?"

"मारीन," तान्हू म्हणाली. 

"किती दिवस?"

 "सात," ती म्हणाली.

"मार सात दिवस. सातव्या दिवशी ओ आली नाही तर आठव्या दिवशी ती वाटी घे आणि माहेरची वाट धर. रीत मोडणारी सून गावाला परवडत नाही."

पाटील गेल्यावर हैबती म्हणाला, "माझी मान खाली घातलीस."

"तुमची मान वर राहील," तान्हू म्हणाली, "आणि आत्याबाईंना उचलायला सोळा जण लागतील."

 तो उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

दुसऱ्या सकाळी ती माळ्यावर चढली आणि तीच हाक मारली. तिसऱ्या सकाळी मारली. असं म्हणतात, रोज तिचा आवाज एका शेताच्या रुंदीनं वाढत गेला. तिसऱ्या दिवशी तो विहिरीपर्यंत गेला आणि पाण्यावर शिरशिरी उठली. चौथ्या दिवशी कड्यावरच्या मधमाश्या पोळ्यांवरून उठल्या. पाचव्या दिवशी खालच्या खोऱ्यातल्या माणसांनी विळे थांबवून विचारलं, उंबरखोलात कोण कुणाला एवढं बोलावतंय? ओ मात्र आली नाही. आणि पाखरांनी अर्धं शेत संपवलं.

घरी आल्यावर ती रोज ओसरीवर बघायची. कोंडाबाई तशीच समोर नजर लावून. पण तिसऱ्या संध्याकाळी अंगठ्याजवळचा एक तंतू तुटलेला होता. वाऱ्यानं तुटला असेल, तान्हू मनाशी म्हणाली. पाचव्या संध्याकाळी तिला वाटलं, कोंडाबाईची सावली सकाळी होती तिथं नाही, सगळ्यांच्या सावल्यांबरोबर उगवतीकडं सरकलीय. आपले डोळे दमलेत, तिनं मनाशी म्हटलं. आशेलाही ती दचकत होती.

सहाव्या संध्याकाळी तिचा घसा बसला होता. बोलायलाही येत नव्हतं. तिनं नेहमीसारखं तेल घेतलं, कोंडाबाईचा पाय मांडीवर घेतला आणि वाटी फिरवली.

खर्र.

एकदाच. अगदी बारीक.

तान्हूचा हात थांबला. तिनं टाच उजेडाकडं वळवली. मऊ टाचेला मातीचा एक कण चिकटला होता. ओसरी सारवलेली, घोंगडी झटकलेली. तो कण बाहेरचा होता. बांधावर असते तशी तांबूस माती.

तिनं वर पाहिलं. कोंडाबाई समोर बघत होती, काहीच झालं नसल्यासारखी, चोरी करताना सापडलेल्या पोराचं तोंड असतं तशा तोंडानं. उंबऱ्यात हैबती उभा होता. त्यानंही तो आवाज ऐकला होता. कोण उठलं, कुणी उठवलं, असं काही त्यानं विचारलं नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि पंच्यानं डोळे पुसले. तान्हूनं तो मातीचा कण पुसला नाही. दुसरा पाय घेतला.

आज तुम्ही उंबरखोलात गेलात तर तान्हूचा माळा तुम्हाला कुणीही दाखवील. खांब किती वेळा बदलले त्याचा हिशेब नाही, पण जागा तीच. वेशीत एक काळा धोंडा आहे. त्याला धाकलू तात्या म्हणतात, आणि त्याच्यावर कुणी बसत नाही. घोंगडी अजूनही देतात, माया अजून तीच आहे. पण ती आता ओसरीवर अंथरत नाहीत, माणसाच्या खांद्यावर घालतात. म्हणजे थंडीवाऱ्यात बाहेर पडताना उपयोगी पडते. आणि "आम्ही आहोत" असं आता गाव म्हणत नाही, घोंगडी घेणारं माणूस म्हणतं, "मी आहे."

रोज सकाळी प्रत्येक घरातलं सगळ्यात धाकटं माणूस उंबऱ्याबाहेर येऊन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला हाक मारतं. हाकेत काम सांगावं लागतं, आणि ते खरं अडलेलं असावं लागतं. दोर वळायचा असेल, बी निवडायचं असेल, एखाद्या आजाराला कुठला पाला लागतो ते आठवून सांगायचं असेल, रडणारं मूल घेऊन बांधापर्यंत जाऊन यायचं असेल. ज्याला उठताच येत नाही त्याच्याशी कामाचं बोलायचं, त्याचा सल्ला घ्यायचा, आणि तो मानायचाही. खोटं काम सांगितलेलं म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं, असं तिथं म्हणतात. आणि अखितीच्या दिवशी काशाची वाटी घरोघर फिरते. गाव गप्प उभं राहून कान देऊन ऐकतं. ज्या घरात वाटी वाजत नाही, तिथं म्हाताऱ्या माणसाला कुणी काही म्हणत नाही. घरातल्या तरण्या माणसांनी मान खाली घालायची असते.

तान्हू स्वतः किती जगली त्याबद्दल गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात शंभर, काही म्हणतात एकशे सात. शेवटपर्यंत तिची टाच वाजत होती, आणि शेवटपर्यंत ती दचकत होती, याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या सातव्या सकाळी यातलं काहीच नव्हतं.

त्या सकाळी ती माळ्यावर चढली तेव्हा कमरेला वाटी बांधलेली होती. ओ आली नाही तर तशीच माहेरची वाट धरायची म्हणून. बांधावर पाटील उभा होता, त्याच्यामागं गाव उभं होतं. हैबती एका बाजूला एकटा. वारा पडला होता. पाखरं उरलेल्या अर्ध्या शेतावर उतरली होती, आणि त्यांच्या चोचींचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तान्हूनं घराकडं तोंड केलं. घशात आवाज नव्हता. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि उरलासुरला सगळा जीव गोळा करून हाक मारली.

"आत्याबाईऽऽ! याऽऽ!"

कड्यानं हाक परत केली. एकदा, दोनदा. मग तीही विरली. पाटलानं खाली पाहिलं. कुणीतरी खाकरलं. तान्हूचा हात कमरेच्या वाटीकडं गेला.

आणि वरच्या बांधाच्या आडून, अजून कुणी दिसतही नसताना, आधी एक खरखरीत, गंजलेला, तीन महिने न वापरलेला कुकारा आला. सबंध उतारावरची पाखरं एकदम उठली. त्या पाखरांच्या पंखांच्या गदारोळात, लांबूनच, पोरगी दचकू नये म्हणून, कोंडाबाईनं ओ दिली,

"तान्हे, मी आले गंऽऽ!"